काळ्या शौचाचे तीन दिवस आणि पाच रबरी कडी

रक्ताची उलटी झाली त्याआधी तीन दिवस मला संडासला डांबरासारखं काळं, चिकट होत होतं. लोहाच्या गोळ्यांमुळे असेल, असं मी धरून चालले. ते आत झिरपणारं रक्त होतं. सिरोसिसचं, म्हणजे यकृत कडक होण्याच्या आजाराचं, निदान दोन वर्षांपूर्वीच झालं होतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी दवाखान्यात जायला हवं होतं.

मुलाने रात्रीच दाखल केलं. दुर्बिणीच्या तपासणीआधीच शिरेतून टर्लिप्रेसिन हे रक्तस्राव आवरणारं औषध आणि अँटिबायोटिक सुरू झालं. हिमोग्लोबिन 6.8, तरी रक्ताची एकच पिशवी. मुलगा कळवळून म्हणाला, "डॉक्टर, अजून द्या ना!" त्यांनी समजावलं: कडक झालेल्या यकृतातून रक्त नीट पुढे जात नाही, वाट शोधत अन्ननलिकेच्या शिरांत शिरतं आणि त्या फुगतात. जास्त रक्त चढवलं तर दाब वाढून त्या पुन्हा फुटू शकतात. सध्या हिमोग्लोबिन 7 ते 8 पुरे.

पहाटे एंडोस्कोपी झाली. उलटीतलं रक्त फुप्फुसात जाऊ नये म्हणून भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातली होती, त्यामुळे बँडिंग, म्हणजे शिरांना कडी घालणं, मला आठवत नाही. दुर्बिणीच्या टोकाच्या टोपीत फुगलेली शीर ओढून घेतात आणि तिच्या मुळाशी रबराचं कडं सोडतात. मला अशी 5 बसली. दोन दिवस छातीच्या मधोमध दुखत होतं, घोटही अडकल्यासारखा वाटायचा. आधी गार पातळ, मग मऊ, असंच खाणं.

आतड्यात साचलेल्या रक्ताने गुंगी येऊ शकते म्हणून पोट साफ ठेवणारं लॅक्टुलोज चालू होतं. मी भानावर आहे ना हे बघायला मुलगा रोज सकाळी मला तारीख विचारायचा.

खरी धास्ती घरी आल्यावर होती. कडी काही दिवसांत गळतात, मागे जखम राहते, आणि तीही वाहू शकते. हे घरी सोडताना कुणी सांगितलं नव्हतं, मी फोन करून विचारलं तेव्हा कळलं. म्हणून बँडिंग झालेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते. ते दोन आठवडे मी रोज शौचाचा रंग पाहत होते.

तीन आठवड्यांनी पुन्हा 3 कडी, त्यानंतर 2. चौथ्या खेपेला शिरा बसलेल्या दिसल्या. शिरांतला दाब कमी ठेवणारी कार्व्हेडिलॉलची गोळी मात्र चालूच आहे, अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेत नाही. पुढची एंडोस्कोपी तीन महिन्यांनी, तारीख मुलाने आत्ताच लिहून ठेवली आहे.