ओशन बीचचा गारठा

सॅन फ्रान्सिस्कोला जुलैत आलेले पाहुणे हमखास म्हणतात, "चला, बीचवर जाऊ." मी आधी कपाटातली जॅकेटं काढते. एन-जूडा ट्राम अख्खं शहर ओलांडून जिथे थांबते, तिथून रस्ता ओलांडला की ओशन बीच. साडेपाच किलोमीटर सरळसोट वाळू, समोर पॅसिफिक, आणि कधी कधी इतकं दाट धुकं की लाटा नुसत्या ऐकू येतात. मी इथून जवळच, आउटर सनसेटमध्ये राहते. खारी हवा बिजागऱ्या खाते, वाळत घातलेला टॉवेल दमटच राहतो, तरी या शहरात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा किनारा.

गारठा उगाच नाही. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत वायव्येचा वारा किनाऱ्यालगत वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी आत समुद्राकडे सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा गार पडली की धुकं तयार होतं, आणि पूर्वेकडची तापलेली जमीन ते शहरात ओढून घेते. पाणी वर्षभर साधारण १० ते १५ अंशांवर.

या थंडीवर शहराने पाऊणशे वर्षं उपाय शोधले, आणि तो इतिहास मला फार आवडतो. १८९६ मध्ये इथले धनाढ्य उद्योजक अडॉल्फ सुट्रो यांनी उत्तर टोकाला कड्याखाली काचेच्या छताची प्रचंड स्नानगृहं उघडली. आत समुद्राचंच पाणी, पण वेगवेगळ्या हौदांत वेगवेगळ्या तापमानाला गरम केलेलं! दक्षिण टोकाला १९२५ मध्ये फ्लाइशहॅकर तलाव आला. सुमारे ३०० मीटर लांब, इतका मोठा की जीवरक्षक त्यात होडीतून फिरत. तिथेही गरम केलेलं समुद्राचं पाणी. म्हणजे खरा समुद्र पन्नास पावलांवर गर्जतोय आणि माणसं त्याच्या काठाशी कोमट पाण्यात डुंबताहेत. स्नानगृहं १९६६ मध्ये जळाली. त्यांचे पडके हौद आजही पाहता येतात. तलाव १९७१ मध्ये बंद झाला. मधल्या जागी प्लेलँड नावाची मोठी जत्रा वर्षानुवर्षं भरलेली असे, तीही १९७२ मध्ये उठली.

टिकला तो उपाय वेगळाच होता. समुद्र गरम करण्यापेक्षा माणसालाच ऊब द्यायची. जॅक ओनील यांनी १९५२ मध्ये इथेच, किनाऱ्यालगतच्या ग्रेट हायवे रस्त्याजवळ, सर्फिंगचं, म्हणजे फळीवरून लाटांवर स्वार होण्याच्या खेळाचं, दुकान थाटलं आणि फोम, निओप्रीन (कृत्रिम रबर) यांचे प्रयोग करत सर्फरांसाठी वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब राखणारे अंगाबरोबरचे पोशाख, बनवले. त्याच सुमाराला बर्कली विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनीही निओप्रीनचा वेटसूट तयार केला होता. त्याआधीची मुलं लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात शिरत. आमच्या शेजारचे आजोबा साठच्या दशकात उत्तरेच्या केलीज कोव्हमध्ये सर्फिंग करायचे. ते सांगतात, काठावर जुने टायर पेटवलेले असत. पाण्यातून आलेल्याला आधी आगीपाशी जागा मिळे, ओळख असो वा नसो. हे सांगताना त्यांचे हात अजूनही शेकायला पुढे होतात.

लाटाही सोप्या नाहीत. वाळूचे दांडे सतत जागा बदलतात, आत जायला ठरलेली वाट नाही. शिवाय आत ओढणारे प्रवाह, आणि ओहोटीला गोल्डन गेट सामुद्रधुनीतून उपसा होणारं खाडीचं पाणी. सर्फर जागा ओळखतात त्या समोरच्या रस्त्यांवरून: जूडा, नोरिएगा, टॅराव्हॅल. परवा नोरिएगासमोर एक मुलगी आत जायला धडपडत होती. पांढऱ्या फेसाची भिंत आली की फळीचं टोक खाली दाबून ती बुडी मारायची, पलीकडे डोकं वर काढायची, हात मारू लागायची, तोवर पुढची भिंत हजर. प्रवाहाने तिला बरंच उत्तरेला नेलं. ती बाहेर आली, फळी काखेत मारली, वाळूवरून चालत पुन्हा नोरिएगासमोर आली आणि परत शिरली. चेहरा तेवढा उघडा, तोही लालबुंद. २०११ मध्ये अमेरिकन सर्फर केली स्लेटरने अकरावं जगज्जेतेपद याच पाण्यात मिळवलं, पण मला हा किनारा कळतो तो अशा चालत परत येणाऱ्यांमुळे.

सध्या इथे भांडण आहे ते रस्त्यावरून. नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात ग्रेट हायवेचा सुमारे ३ किलोमीटरचा पट्टा मोटारींना कायमचा बंद करायचं ठरलं आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथे सनसेट ड्यून्स उद्यान सुरू झालं. आमच्याच भागातले बहुसंख्य लोक विरोधात होते. उद्यानाची बाजू घेणाऱ्या स्थानिक प्रतिनिधीला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी पदावरून काढलं. कामावर जाणाऱ्यांचा वळसा वाढला, त्यांचा राग मला समजतो. तरी मी उद्यानाच्या बाजूची आहे. वाळू तो रस्ता दर वर्षी गिळायचीच, आणि आता आजोबा काठी टेकत निवांतपणे समुद्रापर्यंत जातात.

यायचं तर ऑक्टोबरमध्ये या. धुकं विरळ असतं, पूर्वेचा वारा लाटांचे माथे उभे धरतो. पाण्यात मात्र घोट्यापलीकडे जाऊ नका. इथे पोहता येणारी, धडधाकट माणसंही बुडाली आहेत.