मांजरपाट, पतंगाचा कागद आणि सोल्डरिंग आयर्न

नौपाड्यातल्या कार्यशाळेत सध्या कागद आणि कापड एकत्र शिवणं चालू आहे. खाली मांजरपाट, त्यावर पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवलेले पतंगाच्या कागदाचे तुकडे, वर ऑर्गंझा, म्हणजे पातळ पारदर्शक कापड. हा कागद ओला झाला की रंग सोडतो, आणि मला नेमकं तेच हवं होतं. मात्र मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन कांजी काढा, नाहीतर रंग मुरतच नाही. पावसाळी हवेत वाळायला रात्र पुरत नाही, पंखा लावावाच लागतो.

खरी गंमत सुई लावल्यावर. कापडातलं भोक धागे सरकून बुजतं, कागदातलं कायम राहतं. टाके दाट घेतले की पोस्टाच्या तिकिटासारखी दातेरी रेघ पडते आणि ताण आला की तिथंच फाटतं. म्हणून साखळी टाका आणि भरीव टाका दोन्ही बाद. गोधडीचा धावदोरा चपखल बसला: टाका साधारण ५ मिलिमीटरचा, मधली जागा तेवढीच, ६ पदरी सुती दोऱ्यातले २ पदर आणि ९ नंबरची सुई (नंबर मोठा तेवढी सुई बारीक). जाड लोकर कागदातून ओढूच नका. वर ठेवून बारीक दोऱ्याच्या आडव्या टाक्यांनी बसवा. भरतकामाची रिंगही नको, तिचा वळ कागदावरून जात नाही.

मग सोल्डरिंग आयर्न, म्हणजे वायरी जोडायचं तापणारं टोकदार हत्यार. त्याने वरचा ऑर्गंझा वितळवायचा. आधी ऑर्गंझाचा एक धागा जाळून बघा. टोकाला कडक मणी झाला तर सिंथेटिक, बहुधा पॉलिएस्टर. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, ते वितळणार नाही. पॉलिएस्टर साधारण २६० अंशांना वितळतं. सुती दोरा वितळत नाही, त्यामुळे टाक्यांच्या ओळींमधला ऑर्गंझा उडवला तरी टाके शाबूत राहतात आणि खालचा गुलाबी-जांभळा कागद डोकावतो. हात मात्र हलता हवा, थांबला की कागद करपतो. खिडकी उघडी, तोंडाला मास्क.

गटातल्या एक काकू बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, पण ही पांघरायची कशी?"

"भिंतीला पांघरायची, काकू."

फेव्हिकॉलने तुकडा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, ते मला फारसं आवडलेलं नाही. आता गव्हाच्या पिठाची खळ करतेय. तिला कसर लागते, म्हणून जुने बुकबाइंडर घालायचे तसं चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालणार, हातमोजे घालूनच. त्याची निळसर झाक कागदावर उठते का, ते पुढच्या तुकड्यात दिसेल.