मेलेले सगळे परत येतात, तरी या स्टोरीलाइन्स डोक्यातून जात नाहीत

सुपरहिरो कॉमिक्सचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, त्यात काय अर्थ आहे, मेलेला माणूस थोड्या दिवसांनी परत येतो, मग वाईट तरी कशाचं वाटून घ्यायचं. मुद्दा खरा आहे. सुपरमॅन १९९२ मध्ये मेला आणि पुढच्याच वर्षी परत आला, जीन ग्रे १९८० मध्ये मेली ती १९८६ मध्ये परत आली, जेसन टॉड आला, बकी आला, क्रेवन आला, नॉर्मन ऑस्बॉर्न आला. पण माझ्या सगळ्यात आवडत्या स्टोरीलाइन्स एकापुढे एक मांडून बघितल्या तर त्यातली एकही मला कोण मेलं म्हणून आवडत नाही, कोणी काय ठरवलं म्हणून आवडते. माणूस परत आणता येतो हो, पण त्या पानावर त्याने जे ठरवलं ते कसं पुसणार? (खाली सगळीकडे शेवट सांगून टाकलेत, ज्यांना कोरं राहून वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.)

सुरुवात स्पायडरमॅनपासूनच करणार, दुसरीकडून शक्यच नाही. अमेझिंग स्पायडरमॅनचे ३१ ते ३३ हे तीन इश्यू, १९६५ च्या शेवटापासून १९६६ च्या सुरुवातीपर्यंतचे, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको. मे काकू मरणाच्या दारात आहे आणि तेही पीटरच्याच, म्हणजे स्पायडरमॅनच्याच, रक्तामुळे, कारण त्याने तिला रक्त दिलेलं असतं आणि त्यातला रेडिओअ‍ॅक्टिव्ह अंश तिला मारतोय. औषध मिळतं, पण डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या अड्ड्यात पीटर एका अजस्र मशीनखाली अडकतो, औषधाची डबी समोर पडलेली, हात पोचत नाही, आणि वरून पाणी गळतंय. ३३ वा इश्यू इथून सुरू होतो आणि पुढची काही पानं फक्त एवढंच आहे, एक माणूस लोखंड उचलायचा प्रयत्न करतोय. समोर व्हिलन नाही, मारामारी नाही. डिटको आधी छोट्या छोट्या पॅनलमध्ये, म्हणजे पानावरच्या चौकटींमध्ये, त्याला दाबून ठेवतो, पीटर हरतो, परत जोर लावतो, वारलेला बेनकाका आठवतो, परत हरतो, आणि पॅनल मोठे होत होत शेवटी एक अख्खं पान येतं ज्यात ते मशीन त्याच्या डोक्यावर उचललेलं आहे. मला आजही ते पान उलटताना खांद्यात ताण जाणवतो. ताकद त्याच्याकडे आधीही तेवढीच होती, काकूसाठी उठायचंच हे त्याने तिथे पडल्या पडल्या ठरवलं आणि डिटकोने ते ठरवणं आपल्याला डोळ्यांनी दाखवलं.

आता ग्वेन, पीटरची प्रेयसी. इश्यू १२१ आणि १२२, १९७३, गेरी कॉनवे आणि गिल केन. पहिल्या पानावर कथेचं नावच देत नाहीत, ते शेवटच्या पानावर येतं, ग्वेन गेल्यानंतर. ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून ढकलतो, पीटर जाळं सोडतो, तिचा पाय पकडला जातो, पीटरला आनंद होतो, आणि त्याच पॅनलमध्ये तिच्या मानेजवळ एक बारीकसा आवाज लिहिलेला आहे. स्नॅप. वाचताना पहिल्यांदा तो सुटूनही जाऊ शकतो इतका बारीक. पुढे वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना हे कॉमिक छापणाऱ्या मार्व्हलनेच मान्य केलं की अचानक थांबण्याच्या झटक्याने तिची मान मोडली, म्हणजे वाचवतानाच ती गेली. यावर लोक एवढं लिहून बसलेत की मी अजून काय लिहू.

पण माझ्या मते या दोन इश्यूंचं खरं पान १२२ च्या शेवटी आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पीटर घरी येतो, तिथे दोघांची मैत्रीण मेरी जेन बसलेली असते. तोपर्यंत मेरी जेन म्हणजे पार्टी, मजा, कशातच न गुंतणारी मुलगी. पीटर तिच्यावर भडकतो, अगदी लागेल असं बोलतो, तुझी आई मेली तरी तुला काही वाटणार नाही इथपर्यंत जातो. ती रडते, दारापर्यंत जाते, दार उघडते, थांबते, आणि आतून दार लावून घेते. बस. संवाद नाही काही नाही, दाराची कडी लागल्याचा आवाज तेवढा. पुढे या दोघांचं जे काही झालं, लग्न झालं, कंपनीने ते लग्न मोडीत काढलं, जे काय केलं ते केलं, पण सगळं सुरू त्या दारापासून झालं. एका मुलीने अपमान गिळून थांबायचं ठरवलं. मला ग्वेनच्या मरणापेक्षा हे दार जास्त छळतं.

डार्क फिनिक्स सागा. एक्स-मेन १२९ ते १३८, १९८०, ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न. यातली मागची गोष्ट पण माहीत असायला हवी. एक्स-मेनमधली जीन ग्रे फिनिक्स फोर्स नावाच्या अफाट शक्तीच्या भरात भान हरपून एक सूर्य गिळते आणि त्या सूर्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. क्लेअरमाँट आणि बर्न यांनी ठरवलेला शेवट वेगळा होता, जीनची शक्ती काढून घेतली जाणार आणि ती जगणार. एडिटर-इन-चीफ जिम शूटरने तो अडवला, एवढे जीव मारून ही बाई अशीच घरी जाणार हे चालणार नाही म्हणून. मग १३७ व्या इश्यूचा शेवट बदलला आणि चंद्रावर, प्रियकर स्कॉटच्या डोळ्यांसमोर, जीन स्वतःलाच संपवते कारण आपण पुन्हा ताबा गमावणार हे तिला कळलेलं असतं. मूळचा शेवटही १९८४ मध्ये वेगळा छापला गेला, तो वाचून बघा, ठीक आहे, वाचून होतो आणि संपतो. बदललेला शेवट मात्र अंगावर येतो कारण तिथे जीन कोणाची शिक्षा भोगत नाहीये, ती स्वतः निवाडा करतेय. एडिटरच्या हस्तक्षेपाने गोष्ट सुधारली असं मी सहसा म्हणणार नाही पण इथे म्हणावंच लागेल.

आणि म्हणूनच १९८६ मध्ये जीनला परत आणलं त्याचा मला राग आहे तो ती परत आली याचा नाही, आणलं कसं याचा आहे. त्यांनी सांगितलं की चंद्रावर मेली ती जीन नव्हतीच, फिनिक्स फोर्सने तिचं रूप घेतलं होतं, खरी जीन पाण्याच्या तळाशी एका कोशात झोपलेली होती. म्हणजे तिला तिचं आयुष्य परत दिलं आणि तिचा निर्णय काढून घेतला! मरू दे परत येऊ दे, हरकत नाही, पण त्या पानावर स्कॉटसमोर जी उभी होती ती जीनच होती, मी तरी ते तसंच वाचते आणि वाचत राहणार.

उलट थॉरमधला स्कर्ज बघा. वॉल्टर सायमनसनच्या थॉरबद्दल बोलताना लोक बीटा रे बिल आणि सर्टर यांच्यावरच थांबतात, ते जबरदस्तच आहेत, पण १९८५ चा इश्यू ३६२ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्कर्ज म्हणजे एक्झिक्यूशनर, दुय्यम व्हिलन, आयुष्यभर एन्चँट्रेस या जादूगारणीच्या मागे फिरलेला आणि सगळ्यांच्या हसण्याचा विषय झालेला. थॉरची टोळी हेल या मृतांच्या राज्यातून अडकलेल्या माणसांचे आत्मे घेऊन पळतेय, मागून मृतांची फौज येतेय, पुलावर कोणीतरी मागे थांबायला हवं. थॉर म्हणतो मी थांबतो. स्कर्ज त्याला फटका मारून बेशुद्ध करतो आणि बाकीच्यांना सांगतो याला घेऊन जा, मी थांबतो. हातात दोन एम-सोळा रायफली, समोर अख्खी फौज, अरुंद पूल. आणि सायमनसन आपल्याला त्याचं मरण दाखवत नाही, निवेदन एवढंच सांगतं की हेलमध्ये एका योद्ध्याचं नाव निघालं की खुद्द तिथली राणी हेलासुद्धा मान झुकवते, आणि तो कोण असं नव्या माणसाने विचारलं की उत्तर कायम एकच मिळतं, तो ग्यालरब्रू पुलावर एकटा उभा राहिला होता. शेकडो इश्यूंमध्ये ज्याची किंमत शून्य होती तो काही पानांत मला थॉरपेक्षा मोठा वाटायला लागला. असं लिहिता येणं म्हणजे काय चीज आहे!

डेअरडेव्हिल, बॉर्न अगेन, १९८६, इश्यू २२७ ते २३३, फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली. मला एकच स्टोरीलाइन घेऊन बसायला सांगितलं तर ही. मॅट मर्डोक या वकिलाची जुनी प्रेयसी कॅरन पेज ड्रग्जच्या आहारी गेलेली असते आणि एका डोससाठी तोच डेअरडेव्हिल आहे हे गुपित विकते. नाव गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिन याच्यापर्यंत पोचतं आणि तो घाई करत नाही, बँकेतले पैसे गोठवतो, खोटी साक्ष लावून वकिली घालवतो, घर उडवतो. मॅझुकेलीने काय केलंय ते नीट बघा, पहिले इश्यू सुरू होतात ते वरून बघितलेल्या, झोपलेल्या मॅटच्या चित्राने, आधी स्वतःच्या पलंगावर, मग स्वस्त हॉटेलच्या खोलीत अंग आखडून, मग गल्लीत कचऱ्यामध्ये. शब्द न वाचता नुसती ती पानं लावली तरी माणूस कसा कोसळत गेला ते कळतं. किंगपिन त्याला टॅक्सीत घालून नदीत बुडवतो, आणि टॅक्सी बाहेर काढल्यावर आत प्रेत नसतं. तिथे किंगपिनला जे उमगतं, की या माणसाकडे गमावण्यासारखं काही शिल्लक नाही म्हणजे आता याला भीतीही नाही, ते वाचताना काटा येतो.

पण परत तेच, माझं आवडतं पान मारामारीचं नाही. कॅरन परत येते, हादरलेली, खंगलेली, आपण काय केलंय ते तिला माहिती आहे. मॅट तिला जवळ घेतो. हिशोब मागत नाही, ऐकवत नाही, जे गेलं त्याला तो किंमतच देत नाही. मग तो साध्या हॉटेलात स्वयंपाकी म्हणून काम करायला लागतो आणि खुश असतो! मिलरचं बाकीचं बरंच लिखाण मला फार कडक आणि कोरडं वाटतं पण हे लिहिणारा माणूस माफ करणं म्हणजे काय ते आतून जाणत होता.

त्याच जोडीचं बॅटमॅन इयर वन पण घ्यायलाच हवं, १९८७, इश्यू ४०४ ते ४०७, नावाला बॅटमॅनचं पण खरं तर पोलीस अधिकारी जिम गॉर्डनचं. शेवटी ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, मास्क न घालता गॉर्डनच्या बाळाला वाचवतो, दोघं समोरासमोर, आणि गॉर्डन म्हणतो की चष्म्याशिवाय मला काही दिसतच नाही आणि त्याला जायला सांगतो. त्याला खरंच दिसलं नाही की त्याने बघायचं नाही असं ठरवलं? मी दुसऱ्या बाजूची.

यावरून आठवलं, जेसन टॉडची अ डेथ इन द फॅमिली मला कधीच पकडत नाही, आणि कारण हेच असावं. १९८८ मध्ये जेसनने, म्हणजे बॅटमॅनच्या साथीदार रॉबिनने, जगावं की मरावं यावर वाचकांकडून फोनवर मतं घेतली, ५,३४३ विरुद्ध ५,२७१, बहात्तर मतांनी पोरगा गेला. जिम अपारोची चित्रं उत्तम आहेत, मुलाला हातात घेतलेला बॅटमॅन कोणीच विसरणार नाही, पण निर्णय कथेच्या आतल्या कोणाचा नव्हताच.

क्रेवन्स लास्ट हंट, १९८७, डीमॅटिस आणि माइक झेक, यावर कधीतरी वेगळं लिहीनच. शिकारी व्हिलन क्रेवन स्पायडरमॅनला पुरतो, त्याचा ड्रेस घालून त्याच्याहून सरस ठरतो, आणि जिंकल्यावर लढायलाच नकार देतो. पुढे जे करतो ते फार काळोखी आहे, मन ठिकाणावर असतानाच वाचा. पण मेरी जेनचा विचार धरून पीटर मातीतून वर येतो ते पान मला ३३ व्या इश्यूचं धाकटं भावंड वाटतं.

सुपरमॅनच्या मरणात एक कारागिरी मस्त आहे, शेवटच्या चार इश्यूंत आधी पानाला चार पॅनल, मग तीन, मग दोन, आणि सुपरमॅन ७५ मध्ये प्रत्येक पानावर एकच चित्र. श्वास चढत जातो वाचताना. पण गोष्ट म्हणून विचाराल तर माझा सुपरमॅन ऑल-स्टारमधला, ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, २००५ ते २००८, बारा इश्यू. सूर्याची शक्ती जास्त झाल्यामुळे तो मरायला लागलाय आणि मरायच्या आधीची कामं उरकतोय. दहाव्या इश्यूत एक मुलगी इमारतीच्या कडेवर उभी आहे, तिच्या डॉक्टरला यायला उशीर झालाय आणि तिला वाटतंय की त्यांनीही सोडून दिलं. सुपरमॅन तिच्या मागे येऊन उभा राहतो. तो तिला उचलून खाली नेऊ शकला असता, त्याला पापणी लवायच्या आत जमलं असतं ते. तो फक्त सांगतो की डॉक्टरांना खरंच उशीर झाला, आणि तू स्वतःला समजतेस त्यापेक्षा खूप खंबीर आहेस. मग ती वळते आणि त्याला मिठी मारते. एका पानात संपलं. ज्याच्या स्वतःकडेच वेळ उरलेला नाही तो माणूस तिचा निर्णय तिच्याकडे ठेवतो, याच्यापेक्षा सुपरमॅनबद्दल अजून काय सांगायचं असतं मला कळत नाही.

ज्यांनी यातलं काहीच वाचलं नाही त्यांनी इयर वनने सुरुवात करावी, चारच इश्यू आहेत आणि मागचं काही माहीत नसलं तरी चालतं, मग लगेच बॉर्न अगेन. डार्क फिनिक्स मात्र थेट १३७ पासून उघडू नका, निदान १२९ पासून चालत या, नाहीतर चंद्रावर पोचेपर्यंत जीन तुमची कोणीच झालेली नसेल. आणि १३७ संपल्यावर निदान काही दिवस तरी पुढचं काही शोधू नका.