रात्री पावणेतीनचे फोटो

नोकरीसाठी घर सोडून एकटी राहायला लागले तेव्हापासून मी जवळजवळ रोज एखादा तरी फोटो काढते. मोबाइलवरच. विषय ठरलेला नसतो. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल, जिन्याच्या कठड्यावर सरकत आलेलं ऊन, लिफ्टच्या आरशात दिसणारी माझी अर्धी बॅग, भिंतीवर पडलेली गजांची सावली. हे फोटो मी कुठे टाकत नाही. ते कशासाठी काढते, याचं नीट उत्तर बरेच दिवस माझ्याकडे नव्हतं आणि ते शोधायची गरजही वाटली नव्हती.

मग मोबाइलमधली जागा संपली म्हणून एका रविवारी जुने फोटो पुसायला बसले. पुसायचं राहिलं बाजूला, मी बघतच बसले. मधल्या काही महिन्यांच्या फोटोंमध्ये माणूसच नव्हतं. त्याआधी माणसं होती, नंतरही होती, मध्ये फक्त वस्तू. बंद दार. दाराखालून येणारी पॅसेजमधल्या दिव्याची रेघ. पलंगाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा ग्लास. छतावरचा पंखा, तोही पुन्हा पुन्हा.

फोटो वर सरकवला की खाली त्याची माहिती दिसते: तारीख, वेळ, शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ (म्हणजे उजेडासाठीची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) किती होता. मी एकेक उघडून पाहिला. २:४७. ३:१०. २:५२. त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं तर ‘मी मजेत आहे’ असंच सांगितलं असतं, आणि ते मला स्वतःला खरंही वाटलं असतं. दिवसभर काम होत होतं, घरी फोन होत होते, हसणं-बोलणं चालू होतं. झोप लागत नव्हती याची नोंद मात्र फोटोंनी रोज करून ठेवली होती. डायरी लिहीत असते तर मी ती नक्की गाळली असती. डायरीत आपण काय लिहायचं ते ठरवतो. फोटोच्या पोटातली वेळ कोणी ठरवून लिहीत नाही.

त्यातली आणखी एक गोष्ट मला खटकली. पावणेतीनला काढलेल्या त्या फोटोंत खोली चांगली उजेडात दिसते. भिंतीचा रंग कळतो, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतात. माझ्या डोळ्यांना त्या वेळी यातलं काही दिसत नव्हतं. नाइट मोडमध्ये मोबाइल एकच फोटो घेत नाही. तो एकामागून एक अनेक घेतो, हात हलल्यामुळे सरकलेल्या चौकटी एकमेकींवर बसवतो, कमी उजेडात फोटोवर उमटणारे दाणे कमी करतो आणि अंधारातला भाग उजळवतो. तंत्र म्हणून मला ते फार आवडतं. पण त्या रात्रींचं खरं तर सगळं अंधारातच होतं, आणि तोच तेवढा फोटोत आला नाही. आता मी नाइट मोड बंद करते, पडद्यावर बोट टेकवते आणि उजेड कमी-जास्त करणारी सूर्याची खूण खाली ओढते, डोळ्यांना दिसतो तेवढाच उजेड उरेपर्यंत. फोटो काळपट येतो, दाणेदार येतो, क्वचित नुसता काळा येतो. तो मला बरोबर वाटतो.

आजीचा एक फोटो आहे. ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते आहे. संध्याकाळ होती, उजेड कमी, त्यामुळे शटर बराच वेळ उघडं राहिलं. तिचा चेहरा, चष्मा, कानामागची पांढरी बट, सगळं स्पष्ट आहे. उजवा हात मात्र धूसर पट्ट्यासारखा उमटला आहे. ‘अगं, याचा कसला फोटो काढतेस? एक दिवस नीट बसते, तेव्हा काढ,’ असं ती म्हणाली. आम्ही नंतर नीट बसवूनही काढले. त्या फोटोंत ती छान दिसते, पण ती त्यात काही करत नाही. धूसर हाताच्या फोटोत दोरा तीनदा चुकला आणि तिने तो चौथ्यांदा ओठात धरून ओला केला, तो सगळा वेळ आहे.

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातला फ्रेंच संशोधक लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका रस्त्याचा खिडकीतून घेतलेला फोटो मी या काळात पुन्हा पुन्हा पाहिला. माणूस दिसणारा सर्वात जुना ज्ञात फोटो म्हणून तो ओळखला जातो. दिवसाउजेडी घेतलेला, गजबजलेला रस्ता, आणि तरी तो ओस दिसतो. काचेतून उजेड आत येऊन पत्र्यावर चित्र उमटायला तेव्हा काही मिनिटं लागत, त्यामुळे गाड्या, घोडे, चालणारी माणसं यांपैकी कोणी उमटलंच नाही. उमटला तो कोपऱ्यात बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला माणूस, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणाऱ्याची पुसट आकृती. त्या दोघांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. माझ्या त्या महिन्यांकडे मी आता असंच बघते. माणसं तेव्हाही होती, येत-जात होती. मी कोणाजवळ थांबत नव्हते, म्हणून ती उमटली नाहीत.

हंगेरीत जन्मलेला छायाचित्रकार आंद्रे कर्तेझ, त्याचंही असंच आठवत राहतं. त्याची पत्नी एलिझाबेथ १९७७ मध्ये गेली. ऐंशी ओलांडलेला हा माणूस त्यानंतर न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरात पोलरॉइड, म्हणजे लगेच छापील फोटो देणारा कॅमेरा, घेऊन खिडकीशी फोटो काढत राहिला. दुकानात दिसलेल्या एका काचेच्या अर्धपुतळ्याच्या मानेत आणि खांद्यात त्याला ती दिसली. तो पुतळा त्याने घरी आणून खिडकीत ठेवला आणि बदलत्या उजेडात त्याचे फोटो घेतले. पायाखाली सारं शहर पसरलेलं असताना त्याला एवढी खिडकी पुरली. हे वाचल्यावर माझ्या पंख्याच्या फोटोंबद्दल मला पहिल्यांदा आपुलकी वाटली. ते पुसले नाहीत.

अमेरिकन छायाचित्रकार व्हिवियन मायरबद्दल मैत्रीण मला नेहमी सांगते, कारण मीही फोटो कोणाला दाखवत नाही. मुलं सांभाळण्याचं काम करत मायरने लाखाहून अधिक फोटो काढले, ते जवळजवळ कोणालाच दाखवले नाहीत, फिल्मचे कितीतरी रोल तर धुतलेही नाहीत, म्हणजे त्यांवरची चित्रं कधी उमटवलीच नाहीत. २००७ मध्ये त्यांच्या पेट्या लिलावात गेल्या, २००९ मध्ये त्या वारल्या, आणि नाव झालं ते त्यानंतर. लोकांना यातलं नंतरचं नाव ओढून घेतं. मला न धुतलेले रोल ओढून घेतात. बघण्याचं काम शटर दाबलं तिथेच पुरं झालं असेल का? माझ्यापुरतं मला तसं वाटत नाही. माझे फोटो मला महिन्यांनी उलगडले. तेव्हा ते उघडून बघावेच लागतात.

माणसं परत आली आहेत, पण ती सहज येत नाहीत. अनोळखी माणसाला मी विचारते, नको म्हणाला तर काढत नाही. दादाला तर चेहऱ्याचा फोटो अजिबात चालत नाही. मग मी त्याच्या वस्तू टिपते: दारातले बूट, उलटं ठेवलेलं हेल्मेट, चार्जरची गुंडाळी, टेबलावर उघडा राहिलेला चष्मा. काढले की त्याला दाखवते. चष्म्याचा फोटो परवा त्याने स्वतःहून मागून घेतला. ‘बाकीचेही असू देत,’ म्हणाला, ‘फक्त टेबलावरचे कागद वाचता येणार नाहीत एवढं बघ.’ ते मी बघते.