पुरातून निघालेलं मालवण बंदर

२ ऑगस्ट २०१६ ला आमच्या नाशकात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला आणि सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार सगळीकडे पाणी शिरलं. पाणी ओसरलं तसे लोक भिजलेले अल्बम घेऊन माझ्याकडे येऊ लागले. जुने फोटो दुरुस्त करणं हे माझं काम. बहुतेक अल्बम लग्नामुंजीचे, त्यातले रंगीत फोटो तर बघवत नव्हते. दुपारी एक बाई आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या. पिशवीत काळ्या कागदाचा जुना अल्बम, चिखलाने जड झालेला.

"ताई, पंख्याखाली ठेवणार होतो, पण शेजारचे म्हणाले आधी तुम्हाला दाखवा."

बरं झालं. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. ओला असताना तो फुगून मऊ होतो आणि वाळताना समोरच्या पानाला घट्ट धरतो. मग ओढलं की कागद हातात आणि चित्र दुसऱ्या पानावर. कृष्णधवल फोटो मुळात पाण्यातूनच तयार होतात. चित्र उमटवणारं डेव्हलपर, ते पक्कं करणारं हायपो, मग तासभर धुणं. म्हणून स्वच्छ गार पाण्यात ते काही काळ तग धरतात. घाई बुरशीची असते. पावसाळी हवेत ती दोन दिवसांतही धरते. नळाला गढूळ पाणी येत होतं, म्हणून पिण्याच्या पाण्याचे जार मागवले, त्यात बर्फ टाकला आणि डार्करूमचे जुने ट्रे माळ्यावरून खाली काढले.

पहिलं पान सुटलं आणि फोटोच्या मागे निळ्या शाईतलं अक्षर दिसलं. शाई फुटायला लागली होती. पाण्यात टाकलं की चित्र वाचणार आणि अक्षर जाणार, हे उघड होतं. म्हणून प्रत्येक फोटो पालथा करून आधी मागचा मजकूर मोबाइलवर टिपायचा, मगच पाण्यात सोडायचा, असं ठरवलं. यात वेळ फार गेला, पण आजही मी तेच करीन. मागच्या दोन ओळींशिवाय समुद्राचा फोटो कुठल्याही समुद्राचा असतो.

आजी तोवर गप्प बसून होत्या. ट्रेमध्ये एका फोटोवरचा गाळ निघाला, पाण्यातली लांबलचक तटबंदी दिसली, तशा त्या उठून जवळ आल्या.

"बाय, ह्यो आमचो धक्को. आनि ह्यो किल्लो."

तो सिंधुदुर्ग होता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली पायाभरणी केलेला. आणि फोटो मालवणच्या बंदरावरून काढलेला. मुंबईहून पणजीकडे जाणारी बोट कोकणातली बंदरं घेत जायची. मालवणसमोरचा समुद्र खडकाळ, त्यामुळे ती धक्क्याला लागत नसे. "बोट भायर उबी रवायची. होडयेतसून जावचा लागायचा," आजी सांगू लागल्या. फोटोत ते सगळं होतं. शिडाची होडी, तिच्यात ट्रंका, वळकट्या, नऊवारीतल्या बायका, आणि लांबवर धुराची रेघ.

आजींच्या यजमानांना इथे नाशिकजवळ ओझरला विमान कारखान्यात नोकरी लागली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तो कारखाना १९६४ सालचा, मिग विमानांसाठी उभा राहिलेला. ते मे महिन्यात पुढे आले आणि मग पावसाळा लागला. पावसाळ्यात बोट बंद. एसटी होती, पण संसाराचं सामान घेऊन घाट चढायचा कोणी? आजी मालवणातच थांबल्या. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर नारळ सोडायला गाव लोटतं, त्या गर्दीचाही एक फोटो अल्बममध्ये निघाला. मागे लिहिलं होतं, 'आता बोट सुरू होईल.' अक्षर आजींचंच. मी मोबाइलवर ते मोठं करून दाखवलं तेव्हा सूनबाईंना पहिल्यांदा कळलं की आपल्या सासूबाई एक अख्खा पावसाळा समुद्राकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी सासूबाईंचा हात धरला. मलाही हातातलं काम थांबवावं लागलं.

संध्याकाळपर्यंत फोटो टिपकागदावर सुलटे पसरले. वाळल्यावर त्यांचं स्कॅनिंग केलं. मूळ प्रिंट तळहाताएवढे, पण कमालीचे रेखीव. मोठे केल्यावर आजींनी होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, ओळखला, शीड कोणाचं ते सांगितलं, धक्क्यावरची कोणती बाई कोणाची कोण ते सांगितलं. मी लिहून घेत होते. आता तिथून पर्यटकांच्या होड्या किल्ल्याकडे जातात. मुंबईची बोट बंद होऊन तर कित्येक वर्षं झाली. ही नावं आजींशिवाय कोणाकडे मिळणार?

एका फोटोचा खालचा अर्धा भाग मात्र गेला. आजी ज्या होडीतून निघाल्या, तिचाच फोटो. घरच्यांना वाटत होतं, कॉम्प्युटरवर होडी काढून द्यावी. मी नाही म्हटलं. माझ्या मनाने काढलेली होडी मालवणची झाली नसती. ती जागा कोरी ठेवली आणि आजींना विचारलं, इथे काय होतं? त्यांनी सांगितलं: पिवळी ट्रंक, तांब्याचा हंडा, धाकटा दीर काठावर रडत उभा, आणि शीड बांधताना तांडेलाने म्हटलेलं, "वहिनी, घट्ट धरा." ते त्यांच्याच शब्दांत फोटोखाली छापून दिलं.