बोटीवरचा अबोला

दोघंच शिडाच्या बोटीवर राहता, मज्जाच मज्जा ना? लोक विचारतात. पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर गोव्यातल्या मांडवी नदीच्या मुखातून निघालो, आग्वादचा किल्ला मागे पडला आणि दहाच्या सुमारास वारा गुल! शीड ओल्या चादरीसारखं लोंबत राहिलं. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला तेव्हा कुठे परतलो. आमच्याकडे भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, गोड्याने फक्त विसळायची. आणि नवऱ्याने आज त्याच गोड्या पाण्याने चक्क आंघोळ केली. मग अबोला. पण बारा पावलांच्या बोटीत अबोला धरून जाणार कुठे? शेवटी त्यानेच निमूटपणे सोलकढीचा पेला पुढे केला.

दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. भांडायलाही कोणी नव्हतं त्यांना!