मागे सरकायला जागा नाही

अमळनेर, पारोळा, एरंडोल इथल्या जुन्या पेठांमधल्या गल्ल्या बैलगाडीच्या हिशेबाने पडल्या, फोटोवाल्याच्या नाही. समोर दुमजली वाडा, खाली दगडी जोतं, मध्ये लाकडी खांब आणि सगळ्यात वर धाब्याची, म्हणजे सपाट छताची, सरळ आडवी कड. पाठ समोरच्या ओट्याला टेकली की मागे सरकणं संपलं. गल्ली वीस फूट, वाडा पंचवीस फूट. मोबाइल वर करून फोटो काढला तर वाडा वरच्या अंगाला आवळत जातो आणि धाब्याची कड जोत्यापेक्षा आखूड दिसते. कौलारू उतारावर असली चूक थोडी लपते, धाब्याच्या घरावर लपत नाही.

४ × ५ इंची व्ह्यू कॅमेरा, म्हणजे पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत फिल्म आणि मध्ये भाता असलेला कॅमेरा, इथे उपयोगी पडतो, कारण त्याला मान वर करावी लागत नाही. कॅमेरा ओळंब्यात उभा ठेवायचा, दोन्ही पाणसळी बघायच्या आणि फक्त लेन्स वर सरकवायची. याला राइज म्हणतात. मागची फिल्म भिंतीला समांतर राहिली की उभ्या रेषा उभ्याच राहतात.

हिशेब सोपा आहे. ९० मिलिमीटरची लेन्स, सहा मीटर अंतर: फिल्मवरचा एक मिलिमीटर म्हणजे भिंतीवरचे साधारण पावणेसात सेंटिमीटर. उभ्या फ्रेममध्ये फिल्मची उंची १२० मिलिमीटर, निम्मी ६०. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर राइज न घेता साडेपाच मीटरपर्यंतची भिंत दिसते. वाडा साडेसात मीटरचा. उरलेल्या दोन मीटरसाठी ३० मिलिमीटर राइज हवा. तेवढा घेतला की वर धाब्याची कड बसते आणि खाली जोत्यापुढची रस्त्याची जेमतेम पट्टी उरते. गटार आणि उभ्या मोटरसायकली आपोआप फ्रेमबाहेर. हा फायदा कोणत्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

पण गल्लीत जशी जागा कमी, तशी कॅमेऱ्यातही कमी. लांब लेन्स लावली की भाता मोकळा असतो, कसाही वाकवा. ९० ची लेन्स लावली की पुढचं आणि मागचं स्टँडर्ड, म्हणजे त्या दोन चौकटी, दहाएक सेंटिमीटरवर येतं, ६५ ची लावली की त्याहूनही जवळ. घडीचा नेहमीचा भाता तेवढ्यात दाबून लाकडासारखा घट्ट होतो. राइजचा स्क्रू सैल करून लेन्स वर सरकवली तर भाता ती परत खाली ढकलतो, आणि जोर लावलात तर स्टँडर्ड तिरकं होतं. मागच्या फोकसच्या काचेवर दिसतं की फोकस एका बाजूने गेला, आणि दोष बिचाऱ्या लेन्सला दिला जातो. यावर औषध म्हणजे पिशवीचा भाता, म्हणजे बॅग बेलोज. हा मऊ, घड्या नसलेला, पोतडीसारखा असतो. स्टँडर्ड इतकी जवळ येत नसतील तर आत खोलगट बसणारा लेन्सबोर्ड लागतो. तो लावला की ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या छिद्राची, दांडी आणि केबल रिलीजचं भोक खड्ड्यात जातं आणि बोटं चाचपडत राहतात. पेटीसारखा मिटणारा फील्ड कॅमेरा असेल तर त्याची पुढची फळीच फ्रेममध्ये येते. फळी खाली पाडायची आणि पुढचं स्टँडर्ड मागे झुकवून पुन्हा सरळ उभं करायचं. ही दुसरी पायरी विसरली तर नकळत टिल्ट, म्हणजे लेन्सचा झुकाव, लागलेला असतो.

जागेची तिसरी टंचाई प्रकाशाच्या वर्तुळात. लेन्स मागे फेकते ते गोल चित्र, त्यात आपला चौकोन बसवायचा. एफ ८ च्या ९० मिलिमीटर सुपर अँग्युलॉन लेन्सचं वर्तुळ, छिद्र एफ २२ पर्यंत बारीक केलं की, २१६ मिलिमीटर भरतं. पायथागोरसला बोलावलं तर उभ्या फ्रेममध्ये साधारण ३६ मिलिमीटर राइज मिळतो. वाड्याला लागणार ३०, म्हणजे निभावलं. ६५ मिलिमीटरच्या एफ ५.६ लेन्सचं वर्तुळ १७०. तिथे उभ्या फ्रेमला जेमतेम १० मिलिमीटर. म्हणूनच ‘अजून वाइड घे’ हा सल्ला बहुतेक वेळा अर्धवट असतो. वाइड लेन्सने वाडा मावतो, पण तिच्यापुढची गल्लीही मावते आणि वर सरकायला काही उरत नाही. एकच वाइड लेन्स घ्यायची असेल तर ९० घ्यावी, असं माझं मत.

टिल्टचं प्रकरण वेगळं. गल्लीत तो लागत नाही. लागतो मोकळ्या रानात. सातपुड्याच्या पायथ्याशी काळ्या जमिनीची नांगरट आहे, पायाजवळची ढेकळं आणि मागचा डोंगर दोन्ही टोकदार हवेत. लेन्स पुढे झुकवली की स्पष्टतेचं पातळ पातं जमिनीवर आडवं होतं. किती झुकवायची? लेन्सची फोकल लांबी भागिले कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, ही त्या कोनाची ज्या, म्हणजे साइन. ९० भागिले १५००, म्हणजे साडेतीन अंशांहून किंचित कमी. १५० च्या लेन्सला याच ठिकाणी पावणेसहा अंश लागतात. ज्या हा शब्द मुद्दाम वापरला. साइन हे नाव त्याच ज्याचा अरबी-लॅटिनमधून वळसा घालून आलेला वंशज. आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ च्या सुमाराचा जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. इथल्या मातीत ज्या काढणं काही परकं नाही.

साडेतीन अंश म्हणजे किती कमी, हे स्टँडर्ड हातात घेतल्यावर कळतं. बऱ्याच कॅमेऱ्यांना शून्यावर खाच असते आणि इतका लहान टिल्ट सोडला की कट्‌ करून त्या खाचेतच जाऊन बसतो. म्हणून बोटाने धरून ठेवूनच स्क्रू आवळायचा. आधी लांबच्या डोंगरावर फोकस, मग टिल्टने जवळचं ढेकूळ, मग पुन्हा डोंगर. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. रानात कंबरेएवढी कपाशी उभी असेल तर मात्र हात आवरावा. हे पातं लेन्सच्या जवळ फार पातळ असतं, त्यामुळे जवळच्या झाडाचं बूड स्पष्ट आणि बोंड धूसर होतं. तिथे टिल्ट न घेता एफ २२ बरा. ९० च्या लेन्सने पावणेचार मीटरवर फोकस ठेवला तर दोन मीटरच्या अलीकडून डोंगरापर्यंत सगळं चालण्यासारखं येतं.

कोपरे अंधारतात, हाही वाइडचा स्वभाव. साध्या फ्रेममध्ये कोपऱ्यात सव्वा-दीड स्टॉप उजेड कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मोठा राइज घेतला की आकाशाकडचे कोपरे दोन स्टॉपच्या आसपास उतरतात. सेंटर फिल्टर, म्हणजे मध्ये गडद असलेली काच, लावला तर हे भरून निघतं, पण तोच दीड-दोन स्टॉप खातो. एप्रिलमध्ये धुळे-जळगावकडचं आकाश तव्यासारखं पांढरंफट्ट असतं. ते वरून थोडं काळवंडलं तर काळ्या-पांढऱ्या फिल्मवर उलट शोभतं. चुना लावलेल्या भिंतीला मात्र फिल्टर हवाच.

बाकी उन्हाळ्याचे त्रास सगळ्यांना ठाऊक. डोक्यावरचं कापड आतून काळं, बाहेरून पांढऱ्या मांजरपाटाचं असावं. नाहीतर आत भट्टी पेटते. पिशवीचा भाता वावटळीत फडफडतो, म्हणून काम सकाळी नऊच्या आत. फिल्मचे होल्डर बंद गाडीत ठेवू नयेत. गल्लीत काम असेल तर आणखी एक वेळ धरावी लागते, ‘कितला मोठा कॅमेरा शे हाऊ!’ म्हणत जमलेल्या पोरांना काचेवर उलटा वाडा दाखवण्याची.

मग शेवटची तपासणी. फोकसच्या काचेचे चारही कोपरे बहुधा कापलेले असतात. राइज, टिल्ट सगळं आवळून ॲपर्चर एफ २२ वर आणायचं आणि त्या कापलेल्या कोपऱ्यातून डोळा लावून लेन्सकडे पाहायचं. ॲपर्चर पूर्ण दिसलं तर चौकोन वर्तुळात आहे. गव्हाच्या दाण्यासारखं चपटं दिसलं तर तो कोपरा काळा येणार. मग राइज दोन मिलिमीटर खाली, आणि पुन्हा डोळा कोपऱ्याला.